सुट्टी धरून स्पर्धा (कोकण)

सणाची किंवा सरकारी सुट्टी मधे धरून कबड्डी, टेनिस बॉल नाहीतर अंडरआर्म क्रिकेट, होड्यांच्या आणि बैलगाड्यांच्या शर्यती ठेवायची रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग किनाऱ्यावरची पद्धत. साधारणपणे सुट्टीच्या आदल्या दिवशी सुरुवात आणि सुट्टीच्या दिवशी फायनल असं असतं, कारण फायनलला माणूस पायजे आणि माणूस त्याच दिवशी मोकळा असतो. प्रमुख मुहूर्त म्हणजे शिमगा, गुढीपाडवा, १ मे, नारळी पौर्णिमा आणि २६ जानेवारी.

ही गोष्ट फक्त इथलीच आहे असं नाही. मेलबर्नला १८६१ पासून चाललेली घोड्यांची शर्यत नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी असते आणि त्या दिवशी शहराला सुट्टीच असते, तिथंच २६ डिसेंबरची बॉक्सिंग डे टेस्ट. अमेरिकेत उलटं आहे, सुपर बोल (अमेरिकन फुटबॉल लीगची फायनल) २०२२ पासून फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी होते आणि प्रेसिडेंट्स डेची सुट्टी तिसऱ्या सोमवारी, म्हणजे फायनल एक आठवडा पुढं गेली की दुसऱ्या दिवशी आपोआप सुट्टी मिळते, हे तिथल्या लीगचे आयुक्त रॉजर गुडेल यांनी २०२४ मध्ये बोलूनही दाखवलं. पण या सगळ्या सुट्ट्या इंग्रजी तारखेच्या नाहीतर वाराच्या आहेत. कोकणातल्या निम्म्या सुट्ट्या तिथीच्या, आणि खरा विषय तिथं सुरू होतो.

पद्धत आली कुठून याबद्दल दोन मतं ऐकायला मिळतात. पहिलं मत नारळी पौर्णिमेकडं बोट दाखवतं. मालवण बंदरावर त्या दिवशी समुद्राला मानाचा नारळ देतात, मग जेटीवर नारळ लढवायच्या स्पर्धा होतात (दोघांनी आपापला नारळ एकमेकांवर आपटायचा, ज्याचा फुटला तो हरला), आणि ही परंपरा शिवकाळापासूनची आहे असं सांगतात. सिंधुदुर्ग किल्ल्याची पायाभरणी २५ नोव्हेंबर १६६४ ची, त्यामुळं मालवणच्या मानाचा संबंध किल्ल्याशी जोडला जाणं समजण्यासारखं आहे. मात्र समुद्राला नारळ द्यायची चाल सगळ्या किनाऱ्यावरच्या कोळी, गाबित मंडळींत आहे, ती एका किल्ल्यापासून निघाली असेल असं वाटत नाही, चाल जुनी आणि मालवणचा मान त्यावर नंतर चढला असावा. शिवाय नारळ लढवणं हा सणाचाच एक भाग आहे. सण बघून वेगळ्या खेळाची तारीख काढणं ही निराळी गोष्ट.

दुसरं मत मुंबईच्या गिरण्यांचं. गावचा तरणा माणूस लालबाग-परळला, गावकीच्या खोलीवर राहायचा आणि रजा घेऊन शिमग्याला, मे महिन्यात नाहीतर गणपतीला गावी यायचा. गावात अकरा माणसं जमायची ती त्याच दिवसांत. मग वर्षाची मोठी स्पर्धा गणपती सोडून त्याच दिवसांत ठेवली गेली, बक्षिसाची रक्कम मुंबई मंडळानं जमवायची आणि मैदान ग्रामीण मंडळानं करायचं अशी वाटणी झाली. विसाव्या शतकाच्या मधल्या दशकांत हे रुजलं असावं. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, पुढं गिरण्या गेल्या, पण चाकरमानी यायचे दिवस तेच राहिले आणि स्पर्धाही तिथंच राहिल्या. हे दुसरं मत जास्त पटतं, कारण चाकरमानी कमी असलेल्या गावांतसुद्धा तारखा शेजारच्या चाकरमान्यांच्या गावाकडं बघूनच ठरतात.

आता तारीख काढायची कशी. वाळूवर खेळायचं असेल तर सुट्टीआधी पाणी बघावं लागतं. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा की तिथीची पाऊणपट करायची, येईल तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला आठची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, तर ओहोटी दुपारी बाराच्या आसपास. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. कृष्ण पक्षात परत एकपासून मोजायचं. दक्षिणेकडं जाल तसा थोडा फरक पडतो, मालवणला भरती अलिबागच्या आधी येते, तरी मैदान आखायला हा हिशेब पुरतो.

हा हिशेब लावला की एक गोष्ट लक्षात येते जी सहसा कुणी लिहीत नाही. धुळवड म्हणजे फाल्गुन कृष्ण प्रतिपदा आणि पाडवा म्हणजे चैत्र शुद्ध प्रतिपदा. दोन्ही प्रतिपदा, दोन्हीला भरती पाऊण वाजता आणि ओहोटी संध्याकाळी सातच्या आत-बाहेर. म्हणजे दरवर्षी, न चुकता, या दोन्ही सुट्ट्यांना दुपारी चारनंतर वाळू उघडी होत जाते, तीही उधाणाच्या दिवसांतली, म्हणजे पाणी लांबवर मागं हटतं आणि ओली घट्ट वाळू मिळते जिच्यावर बैलाचा पाय रुतत नाही आणि चेंडूही सरळ उसळतो. सकाळी सातला पण तशीच वाळू असते. अलिबाग-मुरुड पट्ट्यात वाळूवरच्या शर्यतींना हे दिवस सोयीचे का, ते यातून कळतं. श्रद्धा आहेच, पण तिथीची सुट्टी आपलं भरती-ओहोटीचं वेळापत्रक बरोबर घेऊन येते.

तारखेच्या सुट्टीचं तसं नाही. १ मे घ्या. २०२३ ला त्या दिवशी एकादशी होती, भरती सव्वाआठला, ओहोटी अडीचच्या सुमारास, दुपारभर ग्राऊंड मोकळं. २०२४ ला अष्टमी, ओहोटी भर बाराला, त्यात भांगाचे दिवस म्हणजे पाणी मागं हटतं तेही थोडंच, पट्टा अरुंद आणि वर ऊन. २०२५ ला चतुर्थी आली, चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनला पूर्ण भरती, जी फायनलची वेळ तीच पाण्याची. अशा वर्षी जाणकार आयोजक सेमीफायनल सकाळी नवाला उरकतात किंवा ग्राऊंड वरच्या कोरड्या वाळूत घेतात जिथं धावताना पोटऱ्या भरून येतात. आदल्या दिवशी भरतीच्या रेषेवर काठी ठोकून ठेवायची आणि पिच तिच्या किती खाली येतंय ते बघायचं, ही साधी युक्ती आजही चालते. स्पर्धेच्या पत्रिकेवर मात्र "सकाळी ठीक ९ वाजता" एवढंच छापतात, तिथीचा उल्लेख नसतो, तो असायला हवा असं आमचं स्पष्ट मत आहे.

शिमग्याची आणखी एक गुंतागुंत आहे. राज्याच्या यादीत सुट्टी असते ती होळीच्या दुसऱ्या दिवसाची. पण रत्नागिरी जिल्ह्यात काही गावांचा शिमगा तेरसा, म्हणजे त्रयोदशीला होम, आणि काहींचा भद्रेचा, म्हणजे पौर्णिमेचा. तेरशाच्या गावाला सरकारी सुट्टी येते तेव्हा पालखी घरोघर फिरायला लागलेली असते, आणि पालखी वाडीत असताना सामने लावायचे नाहीत असं बऱ्याच ठिकाणी मानतात, मानकऱ्यांना विचारल्याशिवाय कोण मंडप घालत नाही. दोन शेजारच्या गावांचे शिमगे वेगळे असले तर एक फायदा होतो, याची टीम त्याच्याकडं आणि त्याची टीम याच्याकडं खेळू शकते. शिवाय धुळवड दरवर्षी साधारण अकरा दिवस मागं येते आणि अधिक मासानंतर उडी मारून पुढं जाते: २०२३ ला ७ मार्च, मधे अधिक श्रावण पडला, २०२४ ला २५ मार्च, २०२५ ला १४ मार्च. दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणून ज्युनियर गटाची कबड्डी शिमग्याला सहसा जमत नाही, ती मे महिन्यात जाते. मे मध्येही महिनाअखेर धोक्याची, २०२५ ला मान्सून २५ मे लाच देवगडपर्यंत आला होता.

नारळी पौर्णिमेचा प्रश्न वेगळा. राज्याच्या सार्वजनिक सुट्ट्यांच्या यादीत ती नसते, जिल्हाधिकाऱ्यांनी स्थानिक सुट्टी दिली तरच मिळते. पूर्वी मासेमारी बंदीचा शेवट नारळी पौर्णिमा किंवा १५ ऑगस्ट, यातलं जे आधी येईल त्यावर असायचा, त्यामुळं होड्या आणि खलाशी दोन्ही पौर्णिमेपर्यंत किनाऱ्यावर असत. आता बंदी १ जून ते ३१ जुलै. २०२३ ला नारळी पौर्णिमा ३० ऑगस्टला आली, म्हणजे ट्रॉलर महिनाभर आधीच समुद्रात. वल्ह्यांच्या होड्यांच्या शर्यतीला माणसं जमवणं बंदीची तारीख बदलल्यापासून अवघड झालंय असं आयोजक सांगतात आणि त्यात तथ्य आहे.

कोकणातली सगळ्यात मोठी सुट्टी गणपतीची, आणि नेमकी त्याच सुट्टीत मैदानी स्पर्धा जवळपास नसतात. मैदानात चिखल, शेतात भात उभं, रात्री भजनं, जाखडी, फुगड्या. खेळाडू गावात असतो पण घरातल्या बाप्पाला सोडून येत नाही. प्रो कबड्डीच्या पहिल्याच हंगामाची फायनल ३१ ऑगस्ट २०१४ ला मुंबईत झाली, गणपती बसून तिसरा दिवस, जयपूरनं यू मुंबाला ३५-२४ असं हरवलं. मुंबईच्या संघाची पहिली फायनल आणि कबड्डीवर जीव टाकणारा चाकरमानी त्या रात्री गावच्या पडवीत टीव्हीसमोर. तारीख लावताना हे बघितलं गेलं असतं तर बरं झालं असतं.

बैलगाडी शर्यतींवर सुप्रीम कोर्टाची बंदी २०१४ पासून होती, डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ च्या घटनापीठाच्या निकालानं ती पक्की झाली. प्रशासनाकडं आगाऊ अर्ज करावा लागतो, त्यामुळं तिथी बघून तारीख आता महिनाभर आधीच काढून ठेवतात.

२६ जानेवारीला गावोगाव एक दिवसाच्या क्रिकेट स्पर्धा असतात, त्या बहुतेक शेतातल्या कोरड्या मळ्यांवर. नाताळ ते ३१ डिसेंबर या दिवसांत वाळूवर काही ठेवत नाहीत, किनारा पर्यटकांनी आणि त्यांच्या गाड्यांनी भरलेला असतो.