प्रदूषित औद्योगिक भूमी : परीक्षण व पुनर्विकास (कोल्हापूर)

कारखाना बंद पडल्यावर त्याच्या जमिनीत राहिलेले विषारी अवशेष शोधणे, त्यांचा माणसांना व पाण्याला किती धोका आहे हे ठरवणे आणि मग ती जागा नव्या वापरासाठी योग्य करणे, अशी ही प्रक्रिया आहे. कोल्हापुरात हा प्रश्न दोन अगदी भिन्न जागी उभा राहतो. एक म्हणजे शाहू मिलचे सलग, मोठे आवार. दुसरी म्हणजे शिवाजी उद्यमनगर व भोवतालच्या भागातील फाउंड्री, मशीन शॉप आणि निकल-क्रोम प्लेटिंगचे छोटे प्लॉट.

या शास्त्राच्या उगमाबद्दल एकमत नाही. अमेरिकी लेखनात आरंभ बहुधा न्यूयॉर्क राज्यातील लव्ह कॅनॉल प्रकरणापासून (1978) धरला जातो. रासायनिक कचऱ्याच्या भरावावर वसलेली ती वस्ती हलवावी लागली आणि त्यातून 1980 चा ‘सुपरफंड’ कायदा आला. नेदरलँड्समध्ये लेकरकेर्क येथे घरांखाली रासायनिक पिंपे सापडली. डच अभ्यासक त्या घटनेला व तिच्यामागून आलेल्या 1983 च्या मृदा-स्वच्छता कायद्याला पहिले स्थान देतात. परंतु ब्रिटनमध्ये जुन्या गॅस कारखान्यांच्या व गोद्यांच्या जमिनींसाठी आंतरविभागीय समिती 1976 मध्येच नेमली गेली होती. दुर्घटनेनंतरची सफाई आणि पुनर्वापरापूर्वीचे परीक्षण या दोन गोष्टी वेगळ्या धरल्या, तर दुसरीचा आरंभ ब्रिटिश परंपरेत मानणे अधिक सयुक्तिक दिसते. डच पद्धतीत सुरुवातीला जमीन कोणत्याही वापराला चालेल इतकी शुद्ध करण्याचा आग्रह होता. तो खर्चामुळे पुढे सोडावा लागला. ‘ज्या वापरासाठी जागा, त्या वापरापुरती सुरक्षित’ हे ब्रिटिश तत्त्व आज बहुतेक ठिकाणी मान्य आहे. त्यात स्रोत, मार्ग आणि ग्राही (माणूस, विहीर, पीक) अशी साखळी तपासतात. साखळीची एखादी कडी तुटलेली असेल तर धोका नाही असे मानले जाते.

श्री शाहू छत्रपती स्पिनिंग अँड वीव्हिंग मिलची पायाभरणी राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत 27 सप्टेंबर 1906 रोजी झाली. पुढे मिल राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे आली आणि 2003 च्या सुमारास बंद पडली. सुमारे 27 एकरांच्या या आवारात शाहू महाराजांचे स्मारक व्हावे, अशी शहराची जुनी मागणी आहे. सार्वजनिक चर्चेत मिलचे नाव निघते ते बहुधा वारसा आणि कामगारांची थकित देणी यांसाठी. जमिनीखाली काय आहे हा प्रश्न मागे पडतो, आणि तो मागे पडू नये. शतकभर चाललेल्या कोणत्याही कापड गिरणीत बॉयलरची राख, तेलाचे खड्डे, वाफेच्या नळांवरचे अ‍ॅस्बेस्टॉसचे वेष्टण आणि जुन्या ट्रान्सफॉर्मरचे तेल यांची शक्यता धरावीच लागते. रंगखाते असल्यास सोडियम डायक्रोमेट हे क्रोमियमयुक्त रसायनही धरावे लागते, कारण गंधक व व्हॅट रंगांच्या ऑक्सिडीकरणासाठी ते वापरत.

परीक्षणाचा पहिला टप्पा कागदोपत्री असतो. जागा कोणाची हे प्रॉपर्टी कार्ड सांगते. तिथे कोणते खाते कुठे होते हे सांगत नाही. जल प्रदूषण कायदा 1974 चा, हवेचा 1981 चा. त्यामुळे गिरणीच्या आयुष्याचा मोठा भाग प्रदूषण मंडळाच्या संमतिपत्रांच्या आधीचा आहे. जुने नकाशे, बॉयलर निरीक्षणाच्या नोंदी आणि निवृत्त जॉबर (खात्यातले मुकादम), फिटर व रंगाऱ्यांची साक्ष हीच खरी साधने ठरतात. साक्षीदारांची ती पिढी आता वयस्क आहे, म्हणून हे काम लांबणीवर टाकणे परवडणारे नाही.

दुसऱ्या टप्प्यात खोदाई व नमुने येतात. इथे दख्खनच्या पठाराची एक विशेष अडचण आहे. बेसाल्टपासून बनलेल्या काळ्या मातीत क्रोमियम, निकेल, तांबे व व्हॅनेडियम मुळातच अधिक असतात. कॅनडाच्या मार्गदर्शक मूल्यानुसार निवासी जमिनीत एकूण क्रोमियम किलोमागे 64 मिलिग्रॅमच्या आत हवे. दख्खनच्या अस्पर्श शेतातही ते पुष्कळदा 100 च्या वर जाते. परदेशी कोष्टक जसेच्या तसे लावले तर स्वच्छ जमीन दूषित ठरते. उलट ‘इथली मातीच तशी’ म्हणून सोडून दिले तर प्लेटिंगच्या टाकीखालचा खरा दोष निसटतो. म्हणून जवळच्या, उद्योग न झालेल्या त्याच प्रकारच्या मातीचे पार्श्वमूल्य (मुळातले नैसर्गिक प्रमाण) आधी काढावे लागते. क्रोमियमची संयुजाही (ते कोणत्या रासायनिक रूपात आहे हे) वेगळी तपासावी लागते. खडकातून आलेले क्रोमियम मुख्यतः त्रिसंयुजी असते आणि खनिजांच्या जालकात अडकलेले असते. प्लेटिंग व डायक्रोमेटमधून येणारे षट्संयुजी, म्हणजे अधिक विषारी रूपातले, असते. ते विरघळते आणि ऋणभारित असल्याने चिकणमातीच्या ऋणभारित कणांना चिकटत नाही. मातीतील मँगॅनीज ऑक्साइडांमुळे थोडे षट्संयुजी क्रोमियम निसर्गतःही तयार होऊ शकते, तेव्हा नुसते ‘सापडले’ एवढ्यावर निष्कर्ष काढू नये. शिसे वरच्या थरात अडकून राहते. षट्संयुजी क्रोमियम मात्र उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या काळ्या मातीतून मुरमात आणि तिथून खडकाच्या फटींत उतरते. फटींतले भूजल सरळ वाहत नाही. शेजारची विहीर स्वच्छ आणि चार प्लॉट पलीकडची दूषित, असे घडू शकते. नमुने उन्हाळ्यात व पावसाळ्यानंतर असे दोनदा घेणे इष्ट. आवारातील जुन्या विहिरी यासाठी आयत्या उपयोगी पडतात. पंचगंगेच्या 2019 व 2021 च्या महापुरांचा अनुभव पाहता सखल भागांत पुराच्या पाण्याचा मार्गही तपासात धरावा.

फाउंड्रीच्या जागी वेगळा शोध असतो. साच्याच्या काळ्या वाळूत बेंटोनाइट व कोळशाची भुकटी असते; कोअरच्या वाळूत रेझिनमुळे फिनॉल येऊ शकते. अशी वाळू भरावासाठी वापरली जाते, त्यामुळे मूळ प्लॉटइतकाच भराव कुठे पडला हेही शोधावे लागते.

उपायांत दूषित माती उचलून तळोजे किंवा रांजणगावसारख्या घातक कचरा केंद्राकडे नेणे सर्वांत खात्रीचे व सर्वांत महाग. फेरस सल्फेट वापरून षट्संयुजी क्रोमियमचे जागेवर त्रिसंयुजीत रूपांतर करता येते. वरून अभेद्य थर देणे स्वस्त पडते, मात्र तो थर काळ्या मातीचा असू नये. भेगांमुळे त्याचा उपयोग राहत नाही.

मुंबईच्या गिरण्यांसाठी 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनींच्या पुनर्विकासाचा नियम 58 आला, 2001 मध्ये तो बदलला आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बदल ग्राह्य धरला. त्या साऱ्या वादाचा भर महापालिका, म्हाडा व मालक यांच्यातील वाटणीवर होता. कोल्हापूरला 2020 ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू असून तीत औद्योगिक जागेचा निवासी वापर करण्याची तरतूद आहे. जमिनीच्या प्रदूषणासाठी स्वतंत्र केंद्रीय नियम जुलै 2025 मध्ये अधिसूचित झाले. त्यांनुसार जिल्हा प्रशासन वा स्थानिक संस्था संशयित जागा कळवतात, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ 90 दिवसांत प्राथमिक तपासणी करते, दूषितता दिसल्यास सविस्तर सर्वेक्षण होते आणि खर्च प्रदूषकावर पडतो. तो सापडला नाही किंवा असमर्थ असला तर शासनावर.

शाहू मिलसारखी जागा एका मालकाची व सर्वांच्या नजरेत असल्याने या चौकटीत सहज बसते. उद्यमनगरातील काही गुंठ्यांचे प्लॉट मात्र अनेकदा हात बदललेले असतात. तिथे शेड पाडून दुकान किंवा घर उभे राहते, आणि बांधकाम परवान्याच्या वेळी जुन्या धंद्याची नोंद मागितली तरच संशयित जागेच्या यादीपर्यंत ते पोहोचू शकतात.