फाँतव्रोचा मठ : बायकांच्या हुकमातले पुरुष

फ्रान्समध्ये आँजू, प्वातू आणि तूरेन या तीन प्रांतांच्या सीमा जिथे भिडतात, तिथल्या जंगलात रॉबेर द आर्ब्रिसेल या भटक्या प्रवचनकाराने 1101 मध्ये मठ वसवला. मागून आलेल्या घोळक्यात सरदारघराण्यातल्या स्त्रिया, वेश्या, महारोगी, पुरुष असे सगळेच होते. त्यांची राहण्याची सोय वेगवेगळी केली: नन मुख्य मठात, पश्चात्तापी स्त्रिया मॅग्डलेनच्या नावाच्या वास्तूत, महारोगी सेंट लाझारसच्या आणि पुरुष सेंट जॉनच्या नावाच्या वास्तूत. या सगळ्यांवर, पुरुषांवरही, सत्ता एका बाईची. क्रुसावरच्या येशूने शिष्य योहानाला, म्हणजेच सेंट जॉनला, आपली आई सोपवली, तेव्हा पुरुषांनी मातेची सेवा करावी, असा त्याला आधार दिला गेला.

ही बाई कोण असावी, यावर रॉबेरचे मत रोखठोक होते. लहानपणापासून मठात वाढलेली कुमारिका नको. तिला स्तोत्रे गाता येतील, पण जमीनजुमला, कुळे, कज्जे कोण पाहणार? संसार केलेली बाईच हवी. म्हणून 1115 मध्ये पेत्रोनिल द शेमिये ही विधवा पहिली मठाध्यक्षा झाली. बांधकामावर देखरेख करणारी एर्साँद द माँसोरो हीसुद्धा विधवाच. पुढच्याच वर्षी रॉबेर वारला, पण पेत्रोनिलने 1149 पर्यंत कारभार हाकला. दानपत्रे करून घेणे, हक्कासाठी बिशपांशी भांडणे आणि दूरदूरच्या शाखा सांभाळणे हे तिचे खरे काम.

तिच्यानंतर आलेली मातिल्द आँजूच्या काउंटची मुलगी. 1120 मध्ये ‘व्हाइट शिप’ हे जहाज बुडाले, त्यात इंग्लंडच्या गादीचा वारस असलेला तिचा नवरा गेला. इंग्लंडचा दुसरा हेन्री तिचा भाचा. तो, त्याचा मुलगा रिचर्ड आणि त्याची राणी एलेनॉर या तिघांनाही इथेच पुरले गेले. पण राजाश्रय हीच मठाची कमजोरी ठरली. 1204 च्या सुमारास इंग्लंडच्या राजांच्या हातातले आँजू फ्रेंच राजाच्या ताब्यात गेले आणि देणग्यांचा मुख्य झरा आटला. नंतर इंग्लंड-फ्रान्समधल्या शंभर वर्षांच्या युद्धात शाखा उजाड झाल्या, शिस्त ढासळली आणि पुरुष साधू हुकूम मानेनासे झाले.

सुधारणेला हात घातला मठाध्यक्षा मारी द ब्रतान्यने. तिच्या नव्या नियमांना पोपची मंजुरी 1475 मध्ये मिळाली, पण खुद्द फाँतव्रोत ते लागू करायला 1491 मध्ये आलेली रने द बूर्बाँ लागली. तिने ननना कडक बंदिवासात ठेवले आणि मठाला भिंत घातली. विरोध झाला, पण राजघराणे तिच्या पाठीशी होते.

इथून मात्र रॉबेरचा निकष मागे पडला. रनेकडून पद तिची भाची लुईजकडे, लुईजकडून तिची भाची एलेओनोरकडे. आत्या-भाचीच्या या साखळीत 1611 उजाडले. त्यानंतरच्या दोघीही बूर्बाँ घराण्यातल्याच, त्यांतली झान-बातिस्त तर फ्रान्सच्या चौथ्या हेन्रीची अनौरस मुलगी. 1670 मध्ये आलेली गाब्रिएल द रोशशुआर ही चौदाव्या लुईच्या प्रेयसीची, मादाम द माँतस्पाँची बहीण. म्हणजे पद वशिल्याचेच, पण बाई जबर विद्वान; ग्रीक वाचणारी.

1738 मध्ये पंधराव्या लुईच्या चार धाकट्या मुली शिक्षणासाठी इथे आल्या. क्रांतीने 1792 मध्ये मठ रिकामा केला. नेपोलियनने 1804 मध्ये त्याचा तुरुंग करायचे फर्मान काढले, आणि तो तुरुंग 1963 मध्ये बंद झाला.