हॅलिफॅक्सचं सिल्व्हर आणि पॅरिसची दुसरी बोट

2022 च्या ऑगस्टमध्ये कॅनडात हॅलिफॅक्सला कनो स्प्रिंटची, म्हणजे शांत पाण्यावर वल्हं मारून होणाऱ्या बोटींच्या शर्यतींची, वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली, त्यात आपल्या ग्वाल्हेरशेजारच्या भिंडच्या मुलीने पॅरा गटात 200 मीटरचं सिल्व्हर आणलं. इकडच्या पेपरात ‘नौकायन’ अशी हेडिंग, मराठीत ‘नौकानयन’, झालं. दोन वर्षांनी पॅरिस पॅरालिंपिकला तीच मुलगी वेगळ्याच बोटीत दिसली आणि इथे ग्वाल्हेरच्या लश्कर भागात आमच्या ओळखीतल्या बऱ्याच जणांनी विचारलं की जिच्यात मेडल मिळालं ती बोट सोडली कशाला? तर सोडली नाही, ती रेस पॅरालिंपिकमध्ये नाहीच. हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

फार मागे नको. ऑलिंपिकमध्ये हा खेळ 1936 ला बर्लिनला आला, पहिली वर्ल्ड चॅम्पियनशिप 1938 ला स्वीडनमध्ये वॅक्सहोमला, मग युद्ध, मग पुढचं सगळं. वर्ल्ड चॅम्पियनशिपमधून 10,000 मीटर 1993 नंतर गेलं, 200 मीटर 1994 ला आलं. ‘कनो स्प्रिंट’ हे नावसुद्धा 2008 च्या शेवटी ठरलं, त्याआधी फ्लॅटवॉटर रेसिंग म्हणायचे. बायकांना कयाक केव्हापासूनच होतं पण एका गुडघ्यावर बसून मारायची कनो वर्ल्ड चॅम्पियनशिपला अधिकृतपणे थेट 2010 ला मिळाली आणि ऑलिंपिकला टोकियोत. इतका उशीर का, याचं पटेल असं उत्तर मी तरी ऐकलेलं नाही.

आता त्या ‘नौकानयन’चं. हा शब्द आपल्याकडे रोइंगलाही लावतात, शिडाच्या बोटीलाही आणि कयाकलाही, म्हणून सगळा घोळ. रोइंगमध्ये खेळाडू पाठमोरा पुढे जातो आणि वल्हं बोटीला अडकवलेलं असतं. कनो-कयाकमध्ये तोंड पुढे आणि वल्हं नुसतं हातात. कयाकला दोन्ही टोकांना पातं, कनोला एकाच. इथपर्यंत ठीक, पण पॅरामध्ये कनोच्या जागी तिसरीच बोट आहे, तिचं नाव वाआ. हा पॅसिफिक बेटांकडचा शब्द, अर्थ साधा, बोट. एका बाजूला आडव्या दांड्यांवर तरंगतं लाकूड बांधलेलं, कोकणात होडीला जी उलांडी असते ना, अगदी तेच. माझ्या मालवणच्या मावसभावाला फोटो दाखवला तर म्हणाला ‘यात नवीन काय?’ उलांडीमुळे बोट सहजासहजी उलटत नाही पण सुकाणू नसतं आणि वल्हं एकाच बाजूला मारायचं, म्हणजे ती सरळ नेणं हीच खरी कसरत. कयाकला सुकाणू असतं पण तोल स्वतःचा स्वतः सांभाळा.

पॅरा रेस वर्ल्ड चॅम्पियनशिपला 2009 मध्ये नुसत्या दाखवण्यापुरत्या होत्या, 2010 ला पोझनानमध्ये अधिकृत झाल्या. कयाक आणि वाआ दोन्ही. शरीरात ताकद किती यावरून तीन वर्ग, आधी त्यांना ए, टीए, एलटीए म्हणायचे, 2015 पासून कयाकला केएल 1, 2, 3 आणि वाआला व्हीएल 1, 2, 3. आकडा जितका लहान तितकी हालचाल कमी, म्हणजे 1 मध्ये जवळपास सगळं काम खांद्यांनी आणि हातांनी.

आणि मग रिओ 2016. पॅरालिंपिकला हा खेळ पहिल्यांदाच, रेस सहा, सहाच्या सहा कयाकच्या! वाआ पूर्ण बाहेर. ज्यांनी वर्षानुवर्षं एका बाजूने वल्हं मारलं त्यांना सांगितलं बोट बदला नाहीतर घरी बसा. ऑस्ट्रेलियाचा एक सैनिक, अफगाणिस्तानात दोन्ही पाय गेलेला, वाआचा वर्ल्ड चॅम्पियन, त्याने कयाक धरलं आणि रिओत गोल्ड घेतलं. भारी गोष्ट आहे पण म्हणून निर्णय बरोबर ठरत नाही ना, सगळ्यांना थोडंच जमतं. टोकियोला वाआ आली, पुरुषांची व्हीएल 2 आणि 3, बायकांची फक्त व्हीएल 2, एकूण नऊ रेस. त्याच सैनिकाने तिथे कयाकचं गोल्ड राखलं आणि वाआचंही घेतलं. पॅरिसला बायकांची व्हीएल 3 जोडून दहा झाल्या. या तिन्ही पॅरालिंपिकमध्ये व्हीएल 1 कुठेच नाही, ना पुरुषांची ना बायकांची. खेळाडू कमी पडत असतील, असू शकतं, पण ज्यांच्या शरीराला सगळ्यात कमी साथ आहे त्यांचीच उलांडी काढून घेतली हे मला पटत नाही.

भिंडच्या मुलीचं सिल्व्हर नेमकं या व्हीएल 1 मधलं. म्हणून पॅरिसला तिला केएल 1 मध्ये, कयाक घेऊन उतरावं लागलं.

आपल्या ग्वाल्हेरची जी पॅरा खेळाडू आहे तिचा वर्ग 2, त्यामुळे तिला दोन्ही दारं उघडी. आधी पोहायची, मग वल्हं हातात घेतलं. आपल्याकडे तिघरा धरण आहे पण सराव चारेकशे किलोमीटरवर भोपाळच्या छोट्या तलावात. टोकियोला व्हीएल 2 च्या फायनलमध्ये आठवी, 2023 मध्ये हांगझोच्या एशियन पॅरा गेम्सला व्हीएल 2 मध्ये सिल्व्हर, आणि गोल्ड आलं ते केएल 2 मध्ये, म्हणजे कयाकचं. पेपरात तेव्हाही ‘नौकायन’च होतं.