जुनं गणिताचं पुस्तक रद्दीत घालू नका

अभ्यासक्रम बदलला की जुनी पुस्तकं बाद, असं आमच्या खानापूर-निपाणीकडं वर्षानुवर्षं बोललं जातं. गणितापुरतं तरी ते साफ चुकीचं आहे. आमच्या माळ्यावरच्या पुस्तकात रुपया १६ आण्यांचा आहे, समासात आजोबांनी पेन्सिलीनं केलेली आकडेमोड आहे. १९५७ साली दशमान पद्धतीची नाणी आली, आणे गेले. त्रैराशिक मात्र तसंच सुटतं. उलट अशा उदाहरणांनी हात चांगला बसतो. पायथागोरसचा सिद्धांतही तोच.

विज्ञानात जपून. २००६ पासून प्लूटो ग्रहांत धरत नाहीत. किलोग्रॅम २०१९ पासून फ्रान्समधल्या धातूच्या ठोकळ्यावर नव्हे, प्लांकच्या स्थिरांकावर, म्हणजे भौतिकशास्त्रातल्या एका न बदलणाऱ्या आकड्यावर ठरतो. न्यूटनचे नियम मात्र शाळेत आजही तेच शिकवतात.

परीक्षेला चालू पुस्तकच धरा. सरावाला मराठी शाळेतल्या पोरांच्या हाती जुनंही द्या.