नडगीच्या आतलं कवेलू फेरणं

डिसेंबर लागला की पुलगाव-आर्वी रस्त्यावर पहाटे पाचला पोरं पळताना दिसतात. काही पोलीस भरतीची, काही अग्निवीरची, आणि अलीकडे नुसत्या हौसेनं दहा किलोमीटर किंवा हाफ मॅरेथॉनची तयारी करणारी. मीही त्या हौशींतलाच. सोयाबीन घरात आलेलं असतं, कापसाची वेचणी चालू असते, हवा पळायला झकास. पण जानेवारी उजाडता उजाडता एकेक जण नडगी धरून बसायला लागतो.

मागच्या जानेवारीत आमच्यातला एक असाच हातपंपाच्या ओट्यावर बसला आणि पँट वर केली. घोट्याच्या वर वीतभर, नडगीच्या आतल्या काठावर मी अंगठा दाबला, तर तो कळवळला. तिथून चार बोटं वर दाबलं, खाली दाबलं, काहीच नाही. "थंडी हाडात घुसली जी सर," तो म्हणाला. गुडघ्याखाली काळा दोरा बांधलेला होता.

थंडी हाडात घुसत नाही. गार हवेत स्नायू आखडलेले असतात, म्हणून पहिली दहा मिनिटं हळू पळावं, एवढं खरं. नडगीच्या दुखण्याचं मूळ कॅलेंडरात आहे. दिवाळीपर्यंत पळणं शून्य, मग एकदम रोज पाच किलोमीटर, दोन आठवड्यांनी आठ. एका किलोमीटरला साधारण हजार पावलं पडतात. म्हणजे पाच किलोमीटरला एका पायावर अडीच हजार आदळे, आणि प्रत्येक आदळा शरीराच्या वजनाच्या दुप्पट-अडीचपट. साठ किलोच्या पोराचा पाय दर पावलाला सव्वाशे-दीडशे किलो झेलतो.

फसगत होते ती दमामुळे. सराव सुरू केल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांतच रक्तातला द्रव भाग वाढतो, हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलतं, धाप कमी लागते. पोराला वाटतं, जमलं! टायमिंग सुधारतं, तो आणखी राउंड मारतो. हाड मात्र त्या वेगानं तयार होत नाही. उलट, घट्ट व्हायच्या आधी ते काही काळ कच्चं होतं. हे मला पहिल्यांदा समजलं तेव्हा मी कितीतरी दिवस भेटेल त्याला हेच सांगत होतो.

आपल्याकडे पावसाळ्याआधी कवेलू, म्हणजे छपराची कौलं, फेरतात. जुने, फुटके कवेलू आधी उतरवावे लागतात, तेव्हाच नवे चढतात. मधले काही दिवस छप्पर उघडं असतं. नेमका तेव्हा वळवाचा पाऊस आला तर घरात पाणी. हाडात हेच चालतं. पळताना नडगीचं हाड किंचित वाकतं, हजारात एक-दोन भाग इतकंच. त्यानं बारीक, डोळ्याला न दिसणाऱ्या भेगा पडतात. हाडाच्या आत अस्थिपेशी असतात, केसापेक्षा बारीक नलिकांनी एकमेकींना जोडलेल्या. हाड वाकलं की नलिकांतला द्रव इकडून तिकडे सरकतो आणि पेशींना भार कळतो. भेगेनं नलिका तुटल्या की तिथल्या पेशी मरतात, आणि शेजारच्या पेशी सांगावा धाडतात: इथं खोदा. मग अस्थिभंजक पेशी येतात, आम्ल आणि विकरं सोडून जुनं हाड विरघळवतात आणि मिलिमीटरच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढं रुंद भुयार पाडत पुढं सरकतात, दिवसाला मिलिमीटरचा जेमतेम पंचविसावा भाग. त्यांच्या मागून अस्थिजनक पेशी भुयाराच्या भिंतींवर थरावर थर देत येतात. एका जागचं खोदणं तीनेक आठवड्यांत उरकतं. भरायला तीनेक महिने लागतात, आणि नव्या थरात खनिज पूर्ण मुरायला त्याहून जास्त.

हिशेब लावा. दिवाळीनंतर पळायला लागलेल्या पोराच्या नडगीत डिसेंबरच्या मध्यावर कवेलू उतरलेले आहेत, चढलेले नाहीत. आणि नेमका तेव्हाच तो अंतर वाढवतो. भेगा भरण्यापेक्षा पडण्याचा वेग वाढला की त्या जुळत जातात. यालाच स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. हे दुखणं पहिल्यांदा नोंदवलं ते ब्राइटहाउप्ट या प्रशियाच्या लष्करी डॉक्टरनं, 1855 साली, लांब कूच करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या पावलांत. तेव्हा एक्स-रे सापडायला चाळीस वर्षं बाकी होती.

दाबून पाहायची खूण उपयोगाची आहे. नडगीच्या आतल्या काठाला पाच-सहा बोटं लांबीभर ठणक असेल, तर बहुधा पोरं ज्याला शिन पेन म्हणतात ते. भार कमी केला की उतरतं. एकाच बोटाएवढ्या जागी कळ असेल, एका पायावर उडी मारल्यावर तिथंच चमक येत असेल, तर पळणं त्याच दिवशी बंद करून डॉक्टर गाठावा. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे बऱ्याचदा साफ येतो. मला स्वतःला तालुक्याच्या एका दवाखान्यात "काही नाही, पळा" असं सांगितलं होतं. मी पळालो, आणि पुढचे तीन महिने लंगडलो.

काळ्या दोऱ्यानं निदान अपाय तरी होत नाही. मैदानी चाचणीच्या सकाळी दुखणं मारणारं इंजेक्शन टोचून घेतात, त्याची मला खरी भीती वाटते. कळ हाच हाडाकडचा एकमेव इशारा आहे, आणि तोच बंद करून पोरगं सोळाशे मीटर जीव तोडून पळतं. तीच गोष्ट हाडं मजबूत करणाऱ्या डब्यांची. कोणतीही पावडर तीन महिन्यांचं काम तीन आठवड्यांत करत नाही.

एक प्रयोग मात्र मला फार आवडतो. उंदरांच्या हाडावर रोज 360 वेळा भार दिला. काहींना सलग, काहींना चार वेळा नव्वद-नव्वद, मध्ये काही तासांची विश्रांती देऊन. एकूण भार तोच, पण तुकड्यांत भार मिळालेल्यांचं हाड जास्त वाढलं. सलग भारात थोड्याच वेळात अस्थिपेशी ऐकेनाशा होतात. त्यांचे कान पुन्हा उघडायला काही तास जातात. म्हणून नवख्यांना मी सांगतो, सकाळी दोन किलोमीटर, संध्याकाळी दोन.

मुलींबद्दल एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण गावात ती कुणी बोलत नाही. भरतीसाठी वजन उतरवायला काही जणी रात्रीची भाकर सोडतात आणि दोन वेळ पळतात. मग पाळी थांबते, आणि बरंच झालं असं वाटतं. पाळी थांबली म्हणजे इस्ट्रोजेन घटलं. अस्थिभंजक पेशींना आवर घालणारं संप्रेरक तेच. खोदणं वाढतं, भरणं मागं पडतं. अशा मुलीनं पळणं कमी करून आधी जेवण वाढवावं, आणि डॉक्टरला पाळीबद्दल न लाजता सांगावं.

हातपंपावरच्या त्या पोराला डॉक्टरांनी सहा आठवडे पळणं बंद सांगितलं. तो सायकलनं वावरात जायचा, कारण त्यानं कळ येत नव्हती. तीन आठवड्यांनी दुसरा एक्स-रे काढला. फिल्म त्यानं उन्हाकडे धरली, नडगीच्या काठाला पांढुरकी पुसट रेघ दिसली, आणि त्याचं तोंड उतरलं. त्याला वाटलं, हीच ती मोड. मी सांगितलं, भेग इतकी बारीक असते की ती बहुतेकदा दिसतच नाही. ही रेघ म्हणजे वरून चढलेलं नवं हाड.

"मंजे कवेलू चढले का जी?"

"अर्धे. मार्च लागेपर्यंत थांब."