खाते माहिती सेवा (युरोप)

बँक खात्यातली शिल्लक आणि जमा-खर्चाच्या नोंदी खातेदाराच्या संमतीने दुसऱ्या कंपनीला पाहू देणारी सेवा. युरोपातील ओपन बँकिंगचे, म्हणजे खातेदाराच्या संमतीने त्याचे बँक खाते इतर कंपन्यांना खुले करण्याच्या व्यवस्थेचे, हे एक अंग. खात्यातून परस्पर पैसे चुकते करणारी सेवा हे दुसरे. खाते माहिती सेवेला नोंदी फक्त वाचता येतात, खात्यातला एक सेंटही हलवता येत नाही.

युरोपीय संघाचा २०१५ चा दुसरा पेमेंट सेवा निर्देश, म्हणजे ‘पीएसडी-२’, हा या सेवेचा कायदेशीर पाया. सदस्य देशांनी तो १३ जानेवारी २०१८ पर्यंत आपापल्या कायद्यात उतरवायचा होता. अशा सेवा त्याआधीही चालत, पण त्यांची रीत धोक्याची होती. खातेदार नेटबँकिंगचा पासवर्ड कंपनीच्या हवाली करी आणि कंपनीचा प्रोग्राम त्याच्या नावाने बँकेच्या संकेतस्थळावर शिरून पडद्यावरचे आकडे उचलून आणी. आत खातेदार आला की आणखी कोणी, हे बँकेला सांगता येत नसे. जर्मन बँकांनी पिन तिऱ्हाइताला देण्यावर अटींतूनच बंदी घातली होती; तिथल्या स्पर्धा नियामकाने २०१६ मध्ये त्या अटी बेकायदा ठरवल्या, कारण त्यांमुळे नव्या कंपन्यांची वाटच अडत होती. बँकांची सुरक्षेची काळजी खरी होती, पण खात्यातली माहिती खातेदाराची आहे हेही तितकेच खरे. पासवर्ड न देता माहिती देण्याची सोय झाली, ही या कायद्याची सर्वांत मोलाची कामगिरी म्हणावी लागेल.

प्रत्यक्षात हे असे चालते. बर्लिनमधली एखादी बेकरीवाली हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये आपली बँक निवडते. लगेच बँकेचेच पान उघडते; तिथे ती लॉगिन करते, मोबाइलवर आलेली विचारणा मंजूर करते आणि सॉफ्टवेअरमध्ये परत येते. थोड्या वेळात नोंदी दिसू लागतात: तारीख, अधिक २३.४० युरो, पाठवणाऱ्याचे नाव आणि त्याने लिहिलेला ‘बिल ११४’ हा मजकूर. त्या मजकुरावरून सॉफ्टवेअर बिल क्रमांक ११४ ‘वसूल’ दाखवते. एरवी याच कामासाठी महिनाअखेरीस स्टेटमेंट समोर ठेवून एकेका ओळीवर खूण करत बसावे लागते.

पडद्यामागे कंपनी डिजिटल प्रमाणपत्र दाखवून बँकेला आपली ओळख पटवते आणि बँकेच्या एपीआयमधून, म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याकडून माहिती घेण्यासाठी ठेवलेल्या ठरीव वाटेतून, माहिती घेते. त्यासाठी तिची आपल्या देशाच्या नियामकाकडे नोंदणी लागते. बँकेशी वेगळा करार मात्र लागत नाही. एपीआय साऱ्या युरोपात एकसारखे नाहीत. बऱ्याच बँका ‘बर्लिन ग्रुप’ या बँका-पेमेंट कंपन्यांच्या गटाचे मानक पाळतात, फ्रान्समध्ये ‘स्टेट’ (STET) या पेमेंट कंपनीचे चालते, आणि एकाच मानकाचा अर्थही प्रत्येक बँक आपल्या परीने लावते. त्यामुळे हजारो बँका एका ठिकाणी जोडून देणाऱ्या मधल्या कंपन्यांचा वेगळा धंदा उभा राहिला. स्वीडनची ‘टिंक’ त्यांपैकीच. २०२२ मध्ये ती ‘व्हिसा’ने विकत घेतली.

खातेदार समोर नसताना कंपनीला साधारणपणे दिवसातून चारदाच माहिती मागता येते. खातेदाराने बँकेकडे आपली ओळख पुन्हा पटवण्याची मुदत आधी ९० दिवसांची होती. जुलै २०२३ पासून ती १८० दिवसांची झाली. मुदत उलटली की नोंदी येणे थांबते, आणि हे अनेकांच्या लक्षातही येत नाही.

ब्रिटनने स्पर्धा नियामकाच्या २०१७ च्या आदेशाने नऊ मोठ्या बँकांना एकच मानक लागू केले, म्हणून तिथे वेगवेगळ्या एपीआयचा गोंधळ कमी आहे. भारतातील ‘अकाउंट ॲग्रिगेटर’ व्यवस्थेची रचना निराळी: तिथला मध्यस्थ माहिती फक्त पोचवतो, ती उघडून पाहू शकत नाही.

पीएसडी-२ ची कक्षा रोजच्या देण्याघेण्याच्या खात्यांपुरती आहे. गृहकर्ज, शेअर, विमा तिच्याबाहेर राहतात. ही कुंपणे सैल करणारा प्रस्ताव युरोपीय आयोगाने जून २०२३ मध्ये मांडला. दिलेल्या सर्व संमती बँकेच्याच पानावर एकत्र दिसाव्यात आणि तिथूनच रद्द करता याव्यात, ही सूचनाही त्याच वेळच्या पेमेंट नियमांच्या प्रस्तावात आहे.