पदरचे दहा टक्के

अमेरिकेत नफ्यासाठी चालणाऱ्या छोट्या महाविद्यालयांची फी आणि तिथल्या विद्यार्थ्यांच्या डोक्यावरचे कर्ज यांचा हिशेब लावायचा, तर सुरुवात १९४४ च्या ‘जीआय बिला’पासून, म्हणजे माजी सैनिकांना शिक्षणाची मदत देणाऱ्या कायद्यापासून, करावी लागते. युद्धावरून परतलेल्या सैनिकाची फी, वर्षाला ५०० डॉलरच्या मर्यादेत, सरकार थेट संस्थेला देत असे. शिकणारा एक आणि पैसे भरणारा दुसरा असे झाल्यावर केवळ या पैशासाठी धंदेशिक्षणाची दुकाने उघडली. १९५२ च्या कायद्याने त्यावर साधा उपाय काढला : अशा संस्थेच्या अभ्यासक्रमात किमान १५ टक्के विद्यार्थी हा लाभ न घेणारे असावेत. शिकवण्यात काही दम असेल, तर पदरचे पैसे मोजून कोणीतरी येईलच, हा त्यामागचा तर्क होता.

उच्च शिक्षण कायद्यातील १९७२ च्या दुरुस्तीने केंद्रीय अनुदान आणि कर्जाच्या योजना या संस्थांतील विद्यार्थ्यांना इतरांप्रमाणेच खुल्या झाल्या. ऐंशीच्या दशकात कर्ज थकण्याचे प्रमाण इतके वाढले, की १९९२ मध्ये जुनाच तर्क नव्या रूपात आला आणि संस्थेच्या उत्पन्नात केंद्रीय शिक्षणनिधीचा वाटा ८५ टक्क्यांपर्यंतच असावा, असे ठरले. १९९८ मध्ये ही मर्यादा ९० टक्क्यांवर नेण्यात आली. त्याच कायद्याने, सात वर्षांनंतर दिवाळखोरीतून सरकारी शैक्षणिक कर्ज माफ होण्याची सोयही काढून घेतली. त्यानंतर पराकोटीची हलाखी सिद्ध करणे एवढाच मार्ग उरला. संस्थेला ढील आणि कर्जदाराला फास, तोही एकाच कागदावर.

या ९० टक्क्यांच्या नियमाला आणखी एक खोच आहे. समजा, विद्यार्थ्याला ९,००० डॉलरची मदत मिळू शकते. मग फी १०,००० च्या खाली ठेवली, तर मदतीचा वाटा ९० टक्क्यांवर जाऊन नियम मोडण्याची भीती संस्थेलाच. स्टेफनी सेलिनी आणि क्लॉडिया गोल्डिन या अर्थशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये दाखवले, की केंद्रीय मदतीला पात्र असलेल्या नफेदार संस्थांची फी तशाच अपात्र संस्थांपेक्षा सुमारे ७८ टक्के जास्त होती.

उरलेले दहा टक्के कुठून येतात, हेही पाहण्यासारखे आहे. माजी सैनिकांचा शिक्षणभत्ता सरकारी असूनही बराच काळ या दहा टक्क्यांत धरला जाई, म्हणजे १९५२ चा नियम ज्यांच्यासाठी झाला, तेच पळवाटेचे साधन बनले. २०२१ च्या कायद्याने ही पळवाट बुजवली आणि २०२३ पासून तो लागू झाला. छोट्या संस्थांत मोठा भरणा मात्र ब्यूटी स्कूलचा. आयोवा राज्यात ब्यूटीशियनच्या लायसन्ससाठी २,१०० तासांचे प्रशिक्षण लागत असे, ते २०२३ मध्ये १,५५० वर आले. यातले कितीतरी तास विद्यार्थिनी शाळेच्याच सलूनमध्ये गिऱ्हाइकांचे केस कापण्यात आणि रंगवण्यात घालवते. त्या तासांची फी ती कर्ज काढून भरते, गिऱ्हाइकाचे पैसे शाळेच्या गल्ल्यात जातात, आणि काही अटी पाळल्या की तेच पैसे शाळेच्या दहा टक्क्यांत मोजले जातात.